पत्र्याला कुंकू, मशीन कोरडं

१

दसऱ्याच्या सकाळी अख्खं गाव एकमेकांना आपट्याची पानं देत होतं आणि मी चिखलीतल्या एका पत्र्याच्या शेडात मेलेल्या माणसापुढे उभी होते. पोटात चहाचा घोट नव्हता. बाहेर मंडळाच्या पोरांनी स्पीकरच्या भिंती लावून कान किटवले होते. हवालदाराला म्हटलं, जा, बंद करायला सांग. तो जाऊन आला आणि म्हणाला, म्याडम, आवाज कमी करतो म्हणतात. म्हटलं, आत मढं आहे म्हणून सांग त्यांना. मग बंद झालं.

मी साधना घोलप, सहायक निरीक्षक. बाई तोंडाची फटकळ आहे असं ठाण्यात सगळे म्हणतात, अर्थात माझ्या माघारी. म्हणोत बापडे.

मयताचं नाव ज्योतीराम सुरवसे. लातूरकडचा माणूस. हेल्पर म्हणून इकडे आला, हाताची सालं काढत काढत स्वतःचं शेड उभं केलं. एक पॉवर प्रेस, एक पत्रा कापायचं मशीन, दोन वेल्डिंग सेट. चाकणच्या एका कंपनीला ब्रॅकेट बनवून द्यायचा. मागच्या पत्र्याच्या भिंतीला पाठ करून तो प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता, मान छातीवर पडलेली. समोर स्टुलावर अर्धी खाल्लेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. गोळी खुर्चीची पाठ फोडून त्याच्या पाठीत शिरली होती आणि पुढून बाहेर आलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, आदल्या दिवशी दुपारचं काम आहे. म्हणजे खंडेनवमीचं.

शटर आतून ओढलेलं होतं. बाजूच्या लहान दाराला लॅच, आणि त्याच्या किल्ल्या दोनच. एक ज्योतीरामच्या खिशात मिळाली. दुसरी त्याच्या मेहुण्याकडे, समाधानकडे. प्रेत पहिल्यांदा बघितलं तेही समाधाननेच. आणि शेजारच्या शेडमधले दोघं सांगत होते की नवमीच्या सकाळी या मेहुण्या-दाजींचं असं कडाक्याचं वाजलं होतं की मधे पडावं लागलं.

आमच्या मोठ्या साहेबांना एवढं पुष्कळ झालं. दुपारी समाधान लॉकअपमध्ये होता.

संध्याकाळी ज्योतीरामची बायको गावाहून आली. कौशल्याबाई. ती गावाकडे का गेली होती, हे तेव्हा कुणी तिला विचारलं नाही. मीही नाही. ठाण्याच्या बोळात तिने भावाला बेड्यांत बघितलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "माझं कपाळ पांढरं केलास रे." त्याला आत नेलं.

पण जाताना ती फाटकापाशी थांबली आणि माझा हात धरला. "म्याडम, त्यानं केलं असंल तर तसं सांगा, नसंल तर तसं सांगा. पर दहाव्याच्या आत सांगा. आईमाघारी म्या त्याला वाढवलाव. त्याच्या हातचं पानी घ्यायचं का न्हाई, तेवढं मला कळाय पायजे."

मी सांगते म्हणाले. का म्हणाले कुणास ठाऊक, साहेबांच्या लेखी केस संपलेलीच होती.

२

ती संपवली होती दत्तोबा बालघरे यांनी.

दत्तोबा म्हणजे चिखलीतलं जुनं घर. फौजेतून सुभेदार होऊन परतले, आता चाकणच्या एका कंपनीत सिक्युरिटीचे मुख्य. गावात तंटा झाला की दत्तोबांना बोलवा, शांतता कमिटीत पहिली खुर्ची दत्तोबांची, आणि हत्यारांचा विषय निघाला की मग काही विचारूच नका. साहेबांना ते फार भारी वाटत. दसऱ्याच्या दुपारी ते आपणहून ठाण्यात आले. काही मदत लागली तर, म्हणाले.

शेडच्या मागेच यशवंतराव म्हणून गावातल्या एका जुन्या शेतकऱ्यांचं आवार, आणि यशवंतरावांकडे तीस बोअरचं लायसन्सचं पिस्तूल आहे हे सगळ्या गावाला माहीत. म्हणून मी साहेबांना म्हटलं होतं, ते पिस्तूल तपासणीला घेऊ या. लॅबचा रिपोर्ट यायला महिने लागतात, पण सुरुवात तर होऊ दे. दत्तोबांनी ते ऐकलं आणि हसले. मग त्यांनी आम्हाला शिकवणी दिली. तीस बोअरचं काडतूस म्हणजे लहानसं, बाटलीसारखी मान असलेलं. शिसं कमी आणि दारू जास्त. गोळी हलकी, पण वेग असा की बास.

"म्याडम, ती गोळी माणसात राहत न्हाई," ते म्हणाले. "आरपार जाऊन म्होरल्या भिंतीत घुसंल. ही आत राहिली, म्हंजे ती न्हवंच. हा देशी कट्टा हाय. आन कट्टा बनवायला काय लागतं? पाइप, वेल्डिंग, थोडी अक्कल."

साहेबांनी टेबलावर थाप मारली. समाधान वेल्डर होता. झालं. पोरानं शेडातच कट्टा बनवला, भांडणाच्या रागात मागून गोळी घातली, दार ओढून घेतलं, कट्टा इंद्रायणीत टाकला, आणि सकाळी येऊन बोंब ठोकली. पाणबुडे नदीत उतरवले. त्यांना दोन मोटरसायकली आणि एक देव्हारा सापडला.

गोळी चेपून वेडीवाकडी झाली होती, त्यामुळे नुसती बघून कुणालाच काही सांगता येत नव्हतं. मला दत्तोबांचं म्हणणं खोडता येईना. खरंच की, एवढी वेगवान गोळी बरगडीत अडकून कशी बसेल? पण समोर बसून ते बोलत होते तेव्हा मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघून सारखं चुकल्यासारखं होत होतं. हा माणूस मी गणपतीच्या मीटिंगला बघितला होता. काहीतरी वेगळं होतं, आणि काय ते आठवेना. मी स्वतःवरच चिडले.

३

समाधानला मी दुसऱ्या दिवशी एकटीने भेटले. मारलेला होता. कुणी, ते मी इथे बोलत नाही, ठाण्यात बोलले आणि त्यावरून माझं वाजलं. त्याला चहा दिला, कप हातात नीट धरता येत नव्हता.

भांडण कशावरून झालं, एवढंच विचारलं. तो म्हणाला, पूजेवरून.

मला वाटलं, हा थट्टा करतोय. पण त्याने सगळं नीट सांगितलं. ज्योतीरामचा सख्खा चुलता गावाकडे वारला. नवरा-बायको मातीला गेले. चाकणच्या कंपनीचा माल अडकला होता म्हणून ज्योतीराम लगेच परत आला, कौशल्याबाई तिकडेच राहिली. सुतक दहा दिवसांचं, आणि त्यातच खंडेनवमी. खंडेनवमीला शेडातलं प्रत्येक मशीन पुसून, हळद-कुंकू लावून, झेंडूची माळ घालून पुजायचं, ही या पट्ट्यातल्या लहानमोठ्या सगळ्या शेडांची रीत. त्या दिवशी मशीन चालत नाही. पूजा झाल्याशिवाय वर्षभर कुणी निवांत हात लावत नाही. प्रेसवर बोटं जातात, साहेब लोकांना त्याचं काय. ज्योतीराम म्हणाला, मला सुतक आहे, माझ्या शेडात यंदा पूजा नाही. समाधान म्हणाला, सुतक तुम्हाला आहे, मला नाही, मी करतो. ज्योतीराम ऐकेना. शब्दाला शब्द लागला.

"मी म्हनलो, दाजी, उद्या कुनाचं बोट गेलं तर?" समाधान म्हणाला. "तर दाजी म्हनले, शेड माझं हाय, तू चालता हो. मी गेलो. देहूरोडला मित्राच्या खोलीवर झोपलो. सकाळी सोनं द्यायला आलो, पाया पडाव म्हनून."

देहूरोडच्या मित्राची साक्ष साहेबांनी मोजली नव्हती. मित्रच तो, म्हणाले.

"मग पूजा झालीच नाही?" मी विचारलं.

"न्हाई. एका मशीनला बोट लावलं न्हाई."

मी तडक शेडात गेले. त्याचं बरोबर होतं. प्रेस कोरडा, कटिंग मशीन कोरडं, ग्राइंडर कोरडे. एक ठिपका कुंकू नाही की एक पाकळी झेंडू नाही. मी बाहेर आले, वळसा घालून शेडच्या मागे गेले, यशवंतरावांच्या आवाराच्या बाजूला. आणि तिथे, मागच्या पत्र्यावर, माझ्या छातीच्या उंचीला, बोटाने काढलेलं कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक होतं. त्यावर खिळ्याला अडकवलेली झेंडूची माळ, सुकून गेलेली.

पंचनाम्याला आम्ही सगळ्यांनी ती बघितली होती. सण होता. कुंकू कुणाच्या डोळ्यावर येणार?

पण पूजा मशीनची करतात, शटरची करतात, दाराची करतात. शेडच्या मागच्या पत्र्याची पूजा करणारा माणूस मी जन्मात बघितलेला नाही. ज्याला पूजा करायची होती तो समाधान, त्याने केली असती तर प्रेसची केली असती. आणि ज्याला या शेडात सुतक आहे हे माहीत होतं, त्याने इथे कुंकू लावलंच नसतं.

मी किल्लीने स्वस्तिकाचा मध्य खरवडला. आत पांढरट लांबी होती, भोकं बुजवायची. या शेडाचा पत्रा जुन्या बाजारातला, त्यावर आधीच्या खिळ्यांची बुजवलेली भोकं शंभर. त्यामुळे आतल्या बाजूने एक जास्त भोक कुणाला दिसलं नव्हतं. लांबी निघाली, मी आत जाऊन बघितलं, शेडातल्या अंधारात उजेडाची बारीक काठी शिरली होती. ती सरळ खुर्चीवर पडली होती.

भोकाच्या कडा आतल्या बाजूला वळल्या होत्या.

४

मी साहेबांना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अर्ध्या तासात दत्तोबांना कळलं असतं. लायसन्सची नेहमीची तपासणी म्हणून मी यशवंतरावांकडे गेले.

साठीचे गृहस्थ, पांढरी टोपी, जमिनी गेल्या पण मान ताठ. पिस्तुलाचा विषय काढला आणि ते खुलले. वडिलांच्या वेळचं पिस्तूल. नवमीला हत्यारं मांडतात तेव्हा तलवार, कोयता आणि हे, तिघं पाटावर बसतात. पूजा झाली की हवेत एक बार काढायचा, हा त्यांच्या घरचा रिवाज. रिवाज बेकायदा आहे म्हटलं तर म्हणाले, व्हय, ते खरं हाय. यंदाही काढला का विचारलं, तर काढला म्हणाले. पण ते सांगताना त्यांनी आवाराकडे बघितलं, आभाळाकडे नाही.

मग मी सहज विचारलं, एवढीशी गोळी, तिचा उपयोग काय?

त्या माणसाची दुखरी नस होती ती. ते तासभर बोलले. त्यांचं म्हणणं, या काडतुसाइतकं गुणी काडतूस नाही. वेग आहे, नेम सरळ जातो, झटका कमी, आणि वाटेत काय येईल त्यातून पार. गाडीचा दरवाजा असो नाहीतर पत्रा असो. वडिलांनी त्यांना एकच गोष्ट शिकवली होती, नळीच्या पुढे काय आहे ते बघू नको, त्याच्याही मागे काय आहे ते बघ. आणि या गावात एकाच माणसाला ते पटत नाही, ते म्हणाले. दत्तोबाला. दत्तोबाकडे बत्तीसचं रिव्हॉल्व्हर. त्याच्या मते गोळी जड हवी, संथ हवी. हलकी गोळी म्हणजे टाचणी. पहिल्या अडथळ्यालाच तिचा दम संपतो, साधा डबा फोडून पलीकडे जायची नाही. दरसाल नवमीला जेवणं झाली की हाच वाद, पोरंसोरं कंटाळून उठून जातात.

मी कप खाली ठेवला. "दत्तोबा असं म्हणतात? दम संपतो म्हणून?"

"गेली पंधरा वर्षं हेच ऐकतोय."

मागच्या अंगणात नळावर छबूबाई होत्या, यशवंतरावांची आई. त्यांनी मला बसायला पाट दिला. मी म्हटलं, आजी, ज्योतीराम तुमच्याकडेच भाड्याने राहायचा ना? मग सणाच्या दुपारी तो बंद शेडात भाकरी खात का बसला होता?

म्हातारीने नळ बंद केला.

"घरात घट बसल्याले," ती म्हणाली. "त्येला सुतक. नळ येक, आंगान येक. मीच म्हनलं, बाबा, दसऱ्यापातूर शेडात ऱ्हा. गुणी मानूस. व्हय आजी म्हनला आन वळकटी घिऊन गेला. भाकरी बी मीच पाटवली."

"हे घरात कुणाला माहीत होतं?"

"न्हाई. बाप्यांना कशापायी सांगू? सुतकाचं बायकांनी बघायचं आसतंय."

मी अंगणातून शेडच्या बाजूला चालत गेले. पत्र्यावरच्या भोकाच्या आणि यशवंतरावांच्या ओट्याच्या बरोबर मध्ये गवतात एक चौकोन पिवळा पडलेला होता. काहीतरी जड तिथे फार दिवस उभं होतं आणि नुकतंच हललं होतं. छबूबाईंना विचारलं. जुना फ्रिज होता, म्हणाल्या. बिघडून पडलेला. नातवाने, रविराजने, दसऱ्याच्या सकाळी भंगारवाल्याला देऊन टाकला. ऐन सणात घाई कसली होती देव जाणे.

मला मात्र घाई कसली ते कळलं होतं. आणि दत्तोबांच्या चेहऱ्यावर काय नव्हतं, तेही त्या क्षणी आठवलं.

५

दुसऱ्या दिवशी मी यशवंतराव, रविराज आणि दत्तोबांना त्याच अंगणात बसवलं. छबूबाई दारात होत्या, त्यांना मी मुद्दाम थांबायला सांगितलं. दत्तोबा चाकणहून ड्यूटीच्या वेशात आले होते, गळ्यात कंपनीचं कार्ड. कार्डावरच्या फोटोत त्यांना पीळ दिलेल्या भरघोस मिशा होत्या. समोर बसलेल्या माणसाचा वरचा ओठ कोवळा, गोरा आणि उघडा होता.

मी म्हटलं, दत्तोबा, घरात कोण गेलं?

ते गोंधळले. कुणी नाही, म्हणाले.

म्हटलं, मग मिशा का उतरवल्या? तुमच्या गावात बाप गेल्याशिवाय कुणी मिशीला वस्तरा लावत नाही. आणि लावला तो नवमीच्या संध्याकाळी, कारण दसऱ्याच्या दुपारी तुम्ही माझ्यासमोर असे बसला होतात.

त्यांचा हात वरच्या ओठाकडे गेला. मग मीच बोलले. नवमीला पूजा झाली, जेवणं झाली, वाद निघाला. तीस बोअरची गोळी फ्रिजमधून पार जाते की नाही. कुणीतरी पैज लावली, मिशीची. आवारात फ्रिज होताच. त्याच्या मागे शेड. खंडेनवमीला दुपारी कुठलंच शेड चालू नसतं, सगळे पूजा करून घरी जातात, म्हणून शेड रिकामं असणार हे तुम्ही धरून चाललात. बार निघाला. फ्रिजच्या पाठीला भोक पडलं आणि शेडच्या पत्र्यालाही पडलं. ज्योतीराम पत्र्याच्या भोकावरून कटकट करील, म्हणून रविराजने ते लांबीने बुजवलं आणि वरून स्वस्तिक काढलं. सणाचं कुंकू कोण पुसणार? त्याला ठाऊक नव्हतं की या शेडाला सुतक आहे. गोळीने फ्रिजचे दोन पत्रे फोडले, शेडचा फोडला, खुर्ची फोडली. एवढं करून तिच्यात जो दम उरला, तो ज्योतीरामच्या छातीत संपला. म्हणून ती बाहेर आली नाही.

रविराज तिशीचा गडी, हिंजवडीला कंपनीच्या गाड्या पुरवतो. त्याच्या कपाळावर घाम आला होता. मी त्याच्याकडेच बघत राहिले, मुद्दाम. यशवंतराव उठून उभे राहिले.

"बार मी काढला," ते म्हणाले. "हत्यार माझं, आंगन माझं. पोराला सोडा."

म्हटलं, बसा यशवंतराव. तुम्ही नाही काढलात. ती गोळी गाडीचा दरवाजा आणि पत्रा फोडून पार जाते, असं तुम्ही पंधरा वर्षं सांगताय. शेड रिकामं असलं तरी तुम्ही त्या दिशेला नळी धरली नसती. निशाणाच्याही मागे काय आहे ते बघायला तुम्हाला बापाने शिकवलंय. पोरालाही तुम्ही तेच शिकवलं असणार. त्या बाजूला तोंड करून बेधडक बार तोच काढील, ज्याला खात्री आहे की गोळी फ्रिजमध्येच मरणार. तसा माणूस या आवारात एकच होता.



मी दत्तोबांना म्हटलं, गेली पंधरा वर्षं तुम्ही या काडतुसाला टाचणी म्हणत होतात. पहिल्या अडथळ्याला दम संपतो. आणि दसऱ्याला ठाण्यात येऊन मला सांगितलंत, ती माणसाच्या आरपार जाऊन भिंतीत घुसते. पंधरा वर्षांचं मत एका रात्रीत कशानं बदललं, दत्तोबा?

ते यशवंतरावांकडे बघत होते, यशवंतराव जमिनीकडे. तेवढ्यात दारातून छबूबाई पुढे आल्या. एवढा वेळ त्यांना धड उमगत नव्हतं, आता उमगलं. त्या नातवासमोर येऊन थांबल्या.

"शेड रिकामं न्हवतं रं," त्या म्हणाल्या. "मीच त्येला तितं धाडला हुता. आता खरं बोल रव्या. घट उठल्यात, सुतक माज्यावर बसलंय."

रविराज रडायला लागला. सगळं तसंच झालं होतं. भोक बुजवताना त्याने कान लावलाही नव्हता, आत कोण असणार म्हणून. दसऱ्याला सकाळी बोंब झाली तेव्हा तिघांना एकदम कळलं. यशवंतराव म्हणाले होते, ठाण्यात जाऊ. दत्तोबा म्हणाले, थांबा, मी बघतो.

आणि त्यांनी बघितलं. मला त्या माणसाचा राग आला तो इथे. गोळी चुकून लागली, ते मी एकवेळ समजू शकते. पण हा माणूस आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून ठाण्यात आला आणि एका वेल्डरच्या गळ्यात फास अडकवून चहा पिऊन गेला. कट्टा हाय म्हणाला. पाइप, वेल्डिंग, थोडी अक्कल.

मी त्यांना विचारलं, समाधानला तुम्ही ओळखता?

"न्हाई," दत्तोबा म्हणाले. मग गळ्यातलं कार्ड उलटं करत म्हणाले, "म्हनूनच जमलं."

६

पिस्तूल लॅबला गेलं. भंगारवाल्याकडे फ्रिज मिळाला, दोन्ही भोकांसकट. दत्तोबांवर निष्काळजीपणे मृत्यूला कारण झाल्याचा आणि तपास चुकीच्या वाटेला नेल्याचा गुन्हा, यशवंतरावांवर हत्यार दुसऱ्याच्या हातात दिल्याचा, रविराजवर पुरावा लपवल्याचा. साहेबांनी माझं अभिनंदन केलं आणि वरच्यांना पाठवलेल्या मजकुरात स्वतःचं नाव आधी घातलं. त्याचं मला काही नाही.

दहावा अजून व्हायचा होता. मी स्वतः कौशल्याबाईकडे गेले, छबूबाईंच्या आवारातल्या त्याच खोलीवर. तिने पोत्यावर बसून सगळं ऐकलं. गोळीचं, फ्रिजचं, पैजेचं. ते तिच्या डोक्यात शिरलं की नाही मला सांगता येणार नाही. तिने एकच विचारलं, म्हंजे समाधाननं न्हाई? मी म्हटलं, नाही. तो नवमीच्या दुपारी तिथे नव्हताच. दसऱ्याच्या सकाळी तो तुमच्या नवऱ्याच्या पाया पडायला आला होता.

तिने पदर तोंडात कोंबला आणि खूप वेळ तशीच हलत राहिली. मग उठली, चूल पेटवली, भाकरी थापल्या, पिठलं केलं आणि डबा भरला. सुतकातला स्वयंपाक, पण आता कोण बघणार होतं. माझ्या गाडीतच आली.

समाधान बाहेर आला तेव्हा ती फाटकाशी उभी होती. तो लंगडत होता. डाव्या डोळ्याखालचं निळं अजून उतरलं नव्हतं. तिने डबा पुढे केला. त्याने घेतला नाही, पण ढकललाही नाही.

"चल घरी," कौशल्याबाई म्हणाली. "समाधान. चल बाबा."

"साहेबानं इचारलं," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता, रागाचा मागमूस नव्हता. "शिपायानं इचारलं. म्याडमनं इचारलं. समद्यांनी इचारलं, तू केलास का. तू एकदा इचारायचं होतंस, अक्का. इचारलं असतंस तर मी न्हाई म्हनलो असतो."

तिने डबा आणखी पुढे केला. खरं म्हणजे केस सुटल्याचा आनंद मला तिथे व्हायला हवा होता.

त्याने वाकून तिच्या पायांना हात लावला, मोठ्या बहिणीच्या लावतात तसा, आणि स्टँडकडे जाणाऱ्या रिक्षाला हात केला. रिक्षा थांबली. तो बसला. ती डबा घेऊन दोन पावलं पुढे गेली तोवर रिक्षा सुटली होती.